दुरुस्तीचा उन्हाळा

चैत्र अर्धा सरला की आमच्या गल्लीत मिरच्या वाळायला पडतात. समोरच्या गच्चीवर, शेजारच्या कट्ट्यावर, कुणाच्या दारातल्या बाजेवर जुनं लुगडं अंथरून. दुपारच्या झळीबरोबर तो तिखट वास घरात शिरतो आणि सोलापुरातल्या आमच्या शुक्रवार पेठेतलं एकेक घर शिंकायला लागतं. हा वास मला आवडतो की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो आला की एक जुना उन्हाळा आठवतो आणि तो उन्हाळा आठवला की माझा गोंधळ होतो. काही आठवणींना हसायचं असतं, काहींना डोळे पुसायचे असतात. या आठवणीला नेमकं काय करायचं, ते मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही.

यंदा त्या वासाबरोबर गौरीही आली. गौरी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. पुण्यात नोकरी करते, तिथंच घर घेतलंय. रजा टाकून आठवडाभर राहायला आली होती. पहिल्याच दुपारी जेवताना म्हणाली, "आई, यंदा वर्षभर नवीन काही विकत घ्यायचं नाही असं मी ठरवलंय. कपडे नाहीत, भांडी नाहीत, काहीच नाही. आहे ते वापरायचं, मोडलं तर दुरुस्त करायचं. किराणासुद्धा पाकिटातला नाही, सुटा आणायचा."

मी घाबरले. "का गं? पगार थांबलाय का?"

ती हसली. "तसं नाही गं. मुद्दाम. आमच्या ऑफिसात बरेच जण करतात असं."

मुद्दाम. हा शब्द माझ्या घासात खड्यासारखा आला. काटकसर मुद्दामही करता येते, उपवासासारखी ठरवून, हे मला नवं होतं.

"आपण त्या उन्हाळ्यात राहत होतो ना, तसं," गौरी पुढं म्हणाली. "अप्पांचा कारखाना बंद होता तेव्हा. माझ्या सगळ्या सुट्ट्यांमधली सगळ्यात छान सुट्टी होती ती."

गौरीचे अप्पा, म्हणजे माझे यजमान, समोरच जेवत होते. त्यांच्या हातातला भाकरीचा तुकडा ताटातच थांबला. मग त्यांनी तो उचलून खाल्ला, शांतपणे पाणी प्यायले, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. बाहेर एवढं ऊन होतं की गॅलरीत कुणी कुत्रंसुद्धा उभं राहिलं नसतं.

गौरीनं माझ्याकडं बघितलं. "मी काय चुकीचं बोलले?"

"न्हाई गं," मी म्हणाले. आणि ते खरंच होतं. ती चुकीचं काही बोलली नव्हती. तिला जे आठवत होतं ते घडलेलंच होतं. फक्त ती म्हणत होती त्या घरात आम्हीही होतो, आणि आम्हाला ते घर तसं आठवत नव्हतं. निदान मला तरी तसं वाटत होतं.

त्या उन्हाळ्यात गौरी शाळेत होती, परीक्षा नुकतीच संपली होती. हे एका टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायच्या कामावर होते. तयार झालेला टॉवेल उजेडात धरायचा, कुठं धागा तुटलाय, कुठं रंग फुटलाय ते बघायचं आणि खोट असलेला नग बाजूला काढायचा. नजर इतकी तयार झालेली की घरातसुद्धा कुणाच्या सदऱ्याची शिवण उसवलेली यांना दारातूनच दिसायची. एका दुपारी ते अवेळी घरी आले. हातातला डबा तसाच भरलेला. उंबऱ्यात चपला काढता काढता म्हणाले, "मालकानं सांगितलंय, बाहेरदेशच्या ऑर्डरी थांबल्यात. बोलावलं की या म्हणाला."

"कधी बोलावणार?"

"ते त्यालाच माहीत न्हाई की."

मी डबा उघडला. सकाळची मेथीची भाजी उन्हात आंबून गेली होती. ती फेकावी की नको, या विचारात मी बराच वेळ मोरीपाशी उभी राहिले. एरवी फेकून दिली असती. त्या दिवशी हात धजेना. आता वाटतं, आमचा तो उन्हाळा खरा तिथून सुरू झाला. बातमीनं नव्हे, त्या भाजीनं.

दुसऱ्या दिवसापासून मी बाजाराचा रस्ता बदलला. तोवर कोपऱ्यावरच्या दुकानातून सामान यायचं, पाकिटं, पुडे, मागेल तसं. आता मी पद्माअक्कांच्या मागं निघाले. पद्माअक्का आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या, घर त्यांचंच, आम्ही भाडेकरू. माहेर-सासर दोन्हीकडं विणकाम, घरात तेलुगू, आणि मराठी अशी बोलायच्या की बाईला पुरुष करून टाकायच्या. बाजार कसा करावा हे त्यांच्याकडून शिकावं. दिवेलागणीच्या आधी जायचं. तेव्हा भाजीवाल्यांना घरी जायची घाई असते आणि उरलेल्या भाजीचे वाटे लागतात.

"भाजीवाल्याच्या तोंडाकडं बघायचा न्हाई," पद्माअक्का मला सांगायच्या. "तोंड बघितला की दया येतो. भाजी बघायचा फक्त."

मग मी भाजी बघायला शिकले. वरून काळवंडलेला दोडका आतून कोवळा असतो. त्याच्या शिरा फेकायच्या नाहीत, तीळ घालून खमंग चटणी होते. पिकून फुटलेल्या टोमॅटोचं सार होतं. कलिंगड कापून विकणाऱ्याकडं सालींचा ढीग पडलेला असतो. त्याच्याकडं त्या मागितल्या तर तो आनंदानं देतो, आणि हिरवी कड काढून आतल्या पांढऱ्या भागाची भाजी दुधी भोपळ्याला मागं टाकते. किराण्याच्या घाऊक दुकानात तुरीच्या डाळीची चुरी वेगळी ठेवलेली असते. डाळीपेक्षा ती लवकर शिजते, गॅस वाचतो. तांदळाची कणी, सुट्या चहाची भुकटी, गुळाच्या ढेपेखाली सांडलेला चुरा, फुटके शेंगदाणे. शेंगाचटणीला फुटकेच बरे, नाहीतरी ते कुटायचेच असतात. मी एकेक गोष्ट शोधून आणायची आणि पिशवी उघडून ओट्यावर मांडायची. सांगायला नको, पण त्यात मला मजा येत होती. काहीतरी जिंकून आल्यासारखं वाटायचं. आणि लगेच, दुसऱ्याच क्षणी, हे संपल्यावर काय, या भीतीनं मी डबे उघडून बघायची. दोन्ही इतकं लागोपाठ की आधी कुठलं आणि नंतर कुठलं ते सांगता यायचं नाही.

सुरुवातीचे दिवस हे नुसते पडून असायचे. भिंतीकडं तोंड करून. मी काही विचारलं की "हं" म्हणायचे. ऊन वाढत होतं. सोलापूरचं ऊन ज्यानं सोसलंय त्यालाच माहीत, दुपारी नळाला हात लावला तर चटका बसतो. आणि नेमका तेव्हाच आमचा पत्र्याचा जुना कूलर गळायला लागला. टाकी गंजून तळाला भोकं पडली होती. गौरी घामोळ्यांनी हैराण झाली होती, रडत होती. मी म्हणाले, "पोत्यात भरून भंगारवाल्याला देऊन टाकते, निदान पाय ठेवायला जागा होईल."

हे उठले. कूलर उचलून गच्चीत नेला. संध्याकाळपर्यंत खाली आलेच नाहीत. मी चहा घेऊन वर गेले तर टाकी खरवडून काढलेली, एका डब्यात डांबर वितळवलेलं, आणि बाप-लेक दोघंही काळे झालेले. भोकांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून त्यावर डांबर फिरवत होते. गौरीच्या नाकाच्या शेंड्यावरसुद्धा डांबर होतं. पहिल्या खेपेला टाकी गळलीच. दुसऱ्या खेपेला थेंब थांबला. त्या दिवशी कूलरसमोर आम्ही तिघं ओळीनं बसलो आणि गौरी त्या वाऱ्यात तोंड घालून "आऽऽ" करत राहिली, तिचा आवाज थरथरत यायचा आणि हे हसायचे. कारखाना बंद झाल्यापासून पहिल्यांदाच हसले.

मग घरातलं एकेक निघालं. कुकरचं हँडल, इस्त्रीची वायर, मिक्सरच्या भांड्याचं पातं, काडी मोडलेली छत्री, सैल पडलेली बाज. जुन्या डब्यात पक्कड, पेचकस, तारा, वायसर जमायला लागले. माल तपासून बाद करणारी नजर ती, पण आता तिला काहीच बाद करायचं नव्हतं. गौरी वाटीत स्क्रू सांभाळत शेजारी बसायची. "अप्पा, हा कुठला? अप्पा, हा उरला," असं चालायचं. एखादा स्क्रू खरंच उरायचा आणि वस्तू त्याच्याशिवायही चालायची, याचं दोघांना फार अप्रूप.

बातमी खालच्या मजल्यावर गेली, तिथून गल्लीत. पद्माअक्कांचा पंखा आला. कुणाचा रेडिओ, कुणाची शिवणयंत्राची पायपट्टी. हे पैसे घ्यायचे नाहीत. मग लोक चिंच आणून द्यायचे, पापड, कुरडया, एकदा तर कुणीतरी माहेराहून आलेली ज्वारी. पद्माअक्का आणि मी सकाळी ऊन चढायच्या आत गच्चीवर वाकळ शिवायला बसायचो. जुनी लुगडी, कारखान्यातून पूर्वी मिळालेले बाद झालेले टॉवेल, सगळं एकावर एक घालून धावदोरा. खालून यांच्या ठोकण्याचा आवाज यायचा. पद्माअक्का म्हणायच्या, "तुमचा मालक लई गुणाचा माणूस हाय की. कारखान्यात कशाला घालून ठेवला होता इतके दिवस?" मी हसायची. सुई टोचायची तेव्हा मात्र लक्षात यायचं की आपण हात घट्ट आवळून शिवतोय.

आठवणी इथंच थांबल्या असत्या तर माझा काही गोंधळ झाला नसता. गौरीची सुट्टी ती माझीही सुट्टी, असं मी म्हणून टाकलं असतं. पण त्याच उन्हाळ्यातली एक संध्याकाळ आहे.

त्या दिवशी पद्माअक्कांना बरं नव्हतं म्हणून हे माझ्याबरोबर बाजारात आले. पहिल्यांदाच. मी वाटे बघत होते, वाकून, एकेक वांगं उलटंपालटं करून. हे पिशवी धरून शेजारी उभे. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय साहेब, बाजार का?"

कारखान्यात यांच्या हाताखाली काम करणारा माणूस होता. बरोबर त्याची बायको, तिच्याही हातात पिशवी. त्यांचंही आमच्यासारखंच असणार. तोही तर घरीच होता. पण हे एकदम ताठ झाले.

"हो," म्हणाले. "आंबे न्यायला आलोय."

मी वाकलेलीच होते. वांगं हातात. हे मला तिथंच सोडून दोन गाळे पुढं गेले आणि घासाघीस न करता आंब्यांची अख्खी पेटी घेऊन आले. तो माणूस बघत होता, त्याची बायको बघत होती, मी बघत होते. ते दोघं गेल्यावर मी हळूच म्हणाले, "अहो, एवढे कशाला?"

"आंबे न्यायलाच आलो होतो," ते म्हणाले. मलाही तेच सांगितलं. जणू काही मी त्यांच्याबरोबर घरून निघालेच नव्हते.

घरापर्यंत हे पुढं, मी मागं. पेटी खांद्यावर, मान खाली. गौरीनं उड्या मारल्या. किती दिवसांनी घरात आंब्याचा वास आला होता. तिनं खाल्ले, पद्माअक्कांकडं पाठवले, मीही रस काढला. यांनी एक फोड तोंडात घातली आणि "मला आंबट लागतोय" म्हणून वाटी सारली. आंबा साखरेसारखा गोड होता.

मला राग यायला हवा होता. आला नाही. कीव यायला हवी होती, तीही धड आली नाही. मी कोयी धुतल्या आणि त्यांचं सार केलं. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा गच्चीत कुणाचा तरी स्टोव्ह उघडून बसले होते, गौरीला काहीतरी गमतीचं सांगत होते, तेच हसणं. आदल्या संध्याकाळचा माणूस आणि हा माणूस मला एकमेकांत बसवता येईना. मी त्यांना विचारायचं म्हणत राहिले आणि विचारलं नाही. आमच्या घरात असं विचारायची पद्धतच नव्हती.

मृग लागून गेला आणि कारखान्यातून निरोप आला, सोमवारपासून या. निरोप घेऊन आलेला माणूस चहा पिऊन गेला. त्याच दुपारी पद्माअक्का वर आल्या. दारातूनच म्हणाल्या, "जिन्याखालचा जागा रिकामाच हाय. पाटी लावा, दुकान टाका. भाडा मला नको, माझा पंखा तेवढा फिरता ठेवा."

मला ते इतकं आवडलं की मी लगेच बोलून गेले, "अहो, खरंच. नका जाऊ परत. थोडक्यात राहायची सवय झालीय आता. भागवू आपण. आणि तुम्हाला आवडतंय की हे काम."

ते माझ्याकडं बघत राहिले. पहिल्यांदाच भेटलेल्या बाईकडं बघावं तसे. मग म्हणाले, "बघू."

सोमवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून कामावर गेले. इस्त्री त्यांनीच दुरुस्त केलेली. जाताना पक्कड-पेचकसांचा डबा खाली पद्माअक्कांकडं ठेवून गेले, "कुणाला लागला तर असू द्या" म्हणून. तो परत वर आलाच नाही. त्या सोमवारनंतर यांनी घरातल्या एकाही मोडक्या वस्तूला हात लावला नाही. दिवा गेला तर इलेक्ट्रिशियन. नळ गळला तर प्लंबर. कुकरचं हँडल सैल झालं तर नवा कुकर. हौसेनं नाही, कुरकुरतही नाही, सहज. निवृत्त झाल्यावर तरी वेळ जायला काही खटपट करतील, असं मला वाटलं होतं. ते पेपर वाचतात, फिरायला जातात, नातलगांच्या लग्नाकार्यांना हजर राहतात. आणि मी मात्र अजून दिवेलागणीच्या आधी बाजारात जाते. फाटलेली चादर मधून कापून कडा जोडते, तिची पिशवी करते, पिशवीचं पायपुसणं. आता गरज नाही. मग मी हे का करते? आवडतं म्हणून, की अजून भीती आहे म्हणून? गौरीसारखं 'मुद्दाम' म्हणायची माझी छाती होत नाही.

तर यंदा. आल्याच्या तिसऱ्या दिवशी गौरीनं पिशवीतून तिचा मिक्सर काढला. पुण्याहून मुद्दाम आणलेला. बटण दाबलं की नुसता गुरगुरायचा, फिरायचा नाही. तो तिनं अप्पांच्या पुढ्यात ठेवला आणि लहानपणी बसायची तशी मांडी घालून बसली. हातात वाटीसुद्धा घेतली होती.

"अप्पा, शिकवा की मला. उघडू या."

"नवीन घे," हे म्हणाले.

"नवीन नाही घ्यायचा ना, ठरलंय माझं. आणि तुम्हाला येतं की सगळं. तुम्ही तर गल्लीतल्या सगळ्यांचं दुरुस्त करून द्यायचात."

"विसरलो मी आता."

"असं कसं विसराल?"

"विसरलो म्हटलं ना गौरी." आवाज चढला नव्हता, पण दार लावल्यासारखा होता. गौरीचा चेहरा उतरला. तिनं वाटी हळूच ओट्यावर ठेवली. मला वाटलं, आता ही विचारेल, आणि जे मी इतकी वर्षं विचारलं नाही ते आपोआप बाहेर येईल. पण ती आमचीच मुलगी. काही विचारलं नाही, मोबाईल घेऊन आत गेली.

संध्याकाळी मिक्सर जागेवर नव्हता. हेही नव्हते. दिवे लागल्यावर परत आले, हातात मिक्सर. चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडून करून आणला होता. गौरीला म्हणाले, "कार्बन ब्रश गेले होते. जुने झिजले की असंच गुरगुरतं. त्यानं काढले तेव्हा मी बघितलं." मग झाकणावर बोट ठेवून, "आधी झाकणाचे स्क्रू काढायचे. वायर कुठली कुठं आहे त्याचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे चुकत न्हाई." गौरी ऐकत होती. तिला बरं वाटलं, तिनं बापाच्या दंडाला डोकं टेकवलं. मला कळेना. एवढं माहीत होतं, तिथं उभं राहून सगळं बघितलं होतं, तर स्वतःच्या हातानं का नाही?

पाण्याचा दिवस आमच्याकडं पहाटे उजाडतो. महापालिकेचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते यायच्या वेळी घरातलं प्रत्येक माणूस आणि प्रत्येक भांडं तयार असावं लागतं. गौरी परत जायची त्या दिवशी पाणी होतं. तिला झोपू दिलं. खाली मोटर लावली, वर गच्चीतल्या टाकीत पाइप सोडला आणि आम्ही दोघं पिंपं भरत मोरीपाशी उभे. उजेड नुकता येत होता, हवा जराशी गार होती. नळाच्या आवाजात बोललेलं आत जात नाही, म्हणून असेल, मी विचारून टाकलं.

"अहो, त्या उन्हाळ्यात तुम्हाला ते काम आवडत होतं ना?"

कुठला उन्हाळा, असं त्यांनी विचारलं नाही. पाइप एका पिंपातून दुसऱ्यात घातला. मला वाटलं, नेहमीसारखं "हं" म्हणतील.

"गौरीला कळू नये असं वाटायचं," ते म्हणाले. "बाप घरी बसलाय हे. म्हणून हातात काहीतरी घेऊन बसायचो. ती शेजारी येऊन बसायची. मग हसावं लागायचं."

"म्हणजे ते खोटं होतं?"

"तसं न्हाई की." ते विचार करत होते. "हसावं लागायचं म्हणून हसायचो, आणि हसता हसता खरंच हसू यायचं. कूलरची टाकी गळायची थांबली तेव्हा तर मला कारखान्यातसुद्धा कधी झाला नव्हता इतका आनंद झाला. आणि तिथंच बसून वाटायचं, उद्या काय खायचं. एकाच वेळी. वेगळं काढता यायचं न्हाई."

"मग नंतर कशालाच हात का लावला नाहीत?"

"पक्कड हातात घेतली की दोन्ही यायचं," ते म्हणाले. "एकटं चांगलं तेवढं येत असतं तर घेतली असती."

पिंप भरून वाहायला लागलं. मी पाइप ओढून घेतला. वर्षानुवर्षं ज्याचा विचार केला होता त्याचं उत्तर मिळालं होतं आणि ते उत्तरही तसंच गुंतलेलं होतं. तरी मला हलकं वाटलं. निदान गुंता माझ्या एकटीच्या डोक्यात नव्हता.

"तू म्हणालीस, नका जाऊ परत," ते म्हणाले. "मला तेव्हा कळेना, हिला खरंच बरं वाटतंय की माझ्यासाठी म्हणतेय. अजून कळलेलं न्हाई. तुला कसं वाटायचं गं त्या दिवसांत?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं, कारण मला ते माहीत आहे असंच मी धरून चालले होते. छान गेले आपले दिवस, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पुरावा म्हणून डोळ्यांपुढं तेव्हाचं जेवण आणायला गेले. गौरीचं ताट आलं, भाकरीवर शेंगाचटणी, कडेला कलिंगडाची भाजी, ती मिटक्या मारत खातेय. यांचं ताट आलं, पाण्याच्या तांब्याशेजारी, वाढलेलं, व्यवस्थित. मी वाढतेय, माझा हात दिसतोय, बांगड्या दिसताहेत. मग मी माझं ताट शोधायला लागले. ओट्यावर शोधलं, गॅसपाशी शोधलं, सगळे उठल्यानंतरच्या दुपारी शोधलं. मी जेवत असणारच, नाहीतर जगले कशी? पण त्या अख्ख्या उन्हाळ्यात माझं ताट मला कुठंच दिसेना.

"सांग की," ते म्हणाले.

पाणी जायची वेळ होत आली होती, धार बारीक झाली होती. मी उरलेल्या पिंपात पाइप धरला आणि अजून माझं ताट शोधत राहिले.